नको म्हणणाऱ्या माणसाचं मागणं

आमच्या सदानंदला काहीही विचारा, तो आधी नको म्हणतो. पाणी? नको. पंखा लावू? नको, राहू दे. चहा? नको. अरे, चहा! जो माणूस दुपारी चारला चहा मिळाला नाही तर साडेचारला डोकं धरून बसतो, तो माणूस कुणाच्या घरी कप पुढे आला की दोन्ही हात हलवत म्हणतो, "नको नको, आत्ताच घेऊन आलो." कुठे घेतलास रे बाबा? मी तुझ्याबरोबरच घरातून निघाले की!

त्याची चूक नाही. तो अंबाजोगाईचा. त्याच्या आईने लहानपणीच घोटून घेतलंय की कुणाकडे गेलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा अगदी आग्रहच झाला तर घ्यायचं, तेही अर्धं. पहिल्या विचारण्याला हात पुढे करतो तो अधाशी. मी डोंबिवलीची. आमच्याकडे एकदाच विचारतात. नको म्हणालात की बशी आत जाते आणि आतली माणसं खातात.

तो मला बघायला आला तेव्हा हेच झालं. माझ्या काकूने खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या, हा म्हणाला नको, काकू म्हणाली बरं, आणि बशी गेली. जाणाऱ्या बशीकडे त्याने असं काही बघितलं की मला हसूही आलं आणि दयाही आली. पुढे आठ दिवस त्यांच्याकडून निरोप नाही. शेवटी मीच फोन लावला आणि सरळ विचारलं, "लग्न करायचंय की नाही?" पलीकडून आवाज आला, "नको…" आणि मग एक लांब श्वास. "म्हणजे करायचंय. तसं नको नव्हतं ते."

तर असा हा आमचा सदानंद. कुवेतला येऊन आम्हाला अठरा वर्षं झाली. महबूलाला समुद्राच्या बाजूच्या एका बिल्डिंगमध्ये राहतो, पण समुद्र दिसत नाही, कारण घरमालकाने समुद्राकडचा फ्लॅट देऊ का विचारलं तेव्हा फोन कुणी उचलला असेल? तर ते असो.

नोकरी शुवैखला, गार्ड पुरवणाऱ्या एका कंपनीत. मॉल, शाळा, दवाखाने, सगळीकडे यांचे गार्ड उभे. सदानंद हिशेब बघतो आणि टेंडरचे कागद तयार करतो. कागद इतके नेटके की मालक म्हणतो, सदानंद आहे म्हणून मी तुर्कस्तानात निवांत झोपतो. पगारवाढीचं मात्र कधी बोलला नाही. कसा बोलेल, याने कधी मागितली तर ना!

आता खरी गोष्ट. बनेद अल-गारजवळ समुद्राकाठी हिवाळ्यात संध्याकाळचा बाजार भरतो. भाजलेली मक्याची कणसं, अत्तरं, अबाया, फुगे, गाड्यांची ही गर्दी. त्या बाजाराच्या गेटवर यूसुफभाई. हर्णैचे. वय सत्तावन्न, दाढी पांढरी, आवाज समुद्रावरून हाक मारणाऱ्या माणसाचा. सदानंदच्या कंपनीतले सगळ्यात जुने गार्ड. आम्ही कुवेतला नवीन होतो तेव्हा उर्वी, म्हणजे आमची मुलगी, त्या बाजारात हरवली होती, आणि यूसुफभाईंनी तिला खांद्यावर बसवून अख्ख्या बाजारात "ही कुणाची, ही कुणाची" करत फिरवली होती. आम्हाला सापडली तेव्हा तिच्या एका हातात फुगा आणि दुसऱ्या हातात कणीस. घरी यायलाच तयार नव्हती बया!

तेव्हापासून ते आमचे. पण घरात कधी आले नाहीत. येतील, दारात उभे राहतील, सुके बोंबील नाहीतर आंब्याची पोळी माझ्या हातात देतील, आणि आत या म्हटलं की, "नको वहिनी, ड्युटी हाय." एक नको म्हणणारा दाराच्या आत, एक बाहेर. मधे मी, उंबरठ्यावर, ट्रे घेऊन.

या वर्षी त्या बाजारात मुलांनी मोटारसायकली घालून धुमाकूळ घातला. मग वाद सुरू झाला की बाजार सांभाळायचा कुणी. बलदिया, म्हणजे इथली नगरपालिका, म्हणाली पोलिसांनी रोज उभं राहावं. पोलीस म्हणाले, आमची माणसं चोर पकडायला आहेत, पार्किंग दाखवायला नाहीत, बोलावलंत तर गाडी पाठवू. तुझं का माझं, तुझं का माझं, असे दोन महिने गेले. शेवटी त्या भागाचा मुख्तार मधे पडला. मुख्तार म्हणजे सरकारने नेमलेला वस्तीचा वडीलधारा. गटारापासून भांडणापर्यंत सगळं त्याच्याकडे जातं. तो म्हणाला, माझ्या दिवाणियात, म्हणजे घरच्या पुरुषांच्या बैठकीत, या सगळे, बसून एक करार करू. पोलीस किती फेऱ्या मारणार, गेटवर कंपनीचे गार्ड काय करणार, पैसे बलदिया कसे देणार, सगळं एकाच कागदावर.

कराराचा कच्चा मसुदा रविवारी ऑफिसात आला. सदानंदने तो वाचला आणि घरी आला तो जेवलाच नाही. त्यात पोलिसांनी एक अट घातली होती की गेटवरचा गार्ड पन्नाशीच्या आतला, पळू शकणारा हवा. यूसुफभाईंचा व्हिसा त्याच कराराला बांधलेला. करारातून नाव गेलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की हर्णै. आणि तिकडे रत्नागिरीला त्यांची जवेरिया नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. एक वर्ष! एवढं एक वर्ष निघालं की पोरगी पायावर उभी. ते निघालं नाही तर पोरीला घरी बसवून कुठेतरी उजवून टाकायची, हे यूसुफभाई स्वतःच बोलून गेले होते, आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

"मालकाला सांग," मी म्हटलं.

"सांगितलं. ते म्हणाले, म्हाताऱ्याला पाठवून दे, करार महत्त्वाचा."

"मग मुख्तारला सांग! तूच जाणार आहेस ना तिथे?" मालक तुर्कस्तानात, सरकारी कामं बघणारा मंदूब अपेंडिक्स काढून पलंगावर, म्हणून जायचं होतं यालाच. मालकाचा हुकूम एवढाच, तोंड उघडू नकोस, मान हलव आणि कागद घेऊन ये.

"कामून उगं त्यांना त्रास द्यायचा," सदानंद म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "सदानंद, तू एकदा, आयुष्यात एकदा, तोंड उघडून काहीतरी माग! बायकोसुद्धा तुला फोन करून आली. आता यूसुफभाईंची नोकरी पण स्वतः फोन करेल का?"

त्याला ते लागलं.  मग उठला आणि आरशासमोर उभा राहून अरबी वाक्य पाठ करायला लागला. 'हा माणूस चांगला आहे, याला ठेवा,' एवढंच वाक्य. उर्वी दारात उभी राहून उच्चार दुरुस्त करत होती. तिसऱ्या वेळेला म्हणाली, "बाबा, यू साउंड लाइक यू आर सेइंग सॉरी टू द मिरर." तरी हा थांबला नाही. आंघोळ करताना म्हणत होता, बूट घालताना म्हणत होता, लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंनी ते ऐकून "थँक्यू" म्हटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दिवाणियात बायका जात नाहीत. पण त्याने सांगितलं, यूसुफभाईंनी सांगितलं, आणि दोघांचं जुळवून मी तुम्हाला सांगते. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे यूसुफभाईंचं खरं धरा, कारण सदानंद स्वतःची फजिती अर्धीच सांगतो.

यूसुफभाई बरोबर गेले, कारण घर त्यांना माहीत. संध्याकाळची नमाज झाली होती. लांबच लांब बैठक, भिंतीला लागून गाद्या, मधे गालिचा. सदानंद सवयीप्रमाणे दारापाशी टेकला. मुख्तार, सत्तरीचा, गोल चेहऱ्याचा माणूस, म्हणाला वर या. हा म्हणाला ला, ला, शुक्रन, म्हणजे नको, नको, आभार, इथेच बरा आहे. मुख्तार म्हणाला, छे, वर या. हा म्हणाला ला. तर तो म्हातारा स्वतः उठला, याचा हात धरला आणि ओढत नेऊन आपल्या शेजारी बसवला!

आणि बघा, इथेच सगळा घोटाळा झाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सदानंदला अंबाजोगाईसारखा आग्रह केला. त्याला वाटलं, अरे, ही तर आपलीच माणसं! यांच्याकडे आपली रीत चालते.

मुख्तारला मुंबईची हिंदी येत होती. त्याचे वडील मोत्यांच्या व्यापारात, वर्षातले सहा महिने मुंबईत. एका बाजूला बलदियाचा माणूस फाइल घेऊन, दुसऱ्या बाजूला पोलीस ठाण्याचा कॅप्टन, तरणाबांड पण पोट सुटलेला. यूसुफभाई दारापाशी, आपल्याच नशिबाचा निकाल ऐकायला, गुडघ्यांवर हात ठेवून.

कॉफी वाढणारा आला. इथली कॉफी म्हणजे पिवळसर, कडू, वेलदोड्याची, बिनकानाच्या एवढ्याशा कपात. त्याने कप सदानंदच्या हातात दिला. सदानंदने तो न पिता अलगद समोर खाली ठेवला आणि नम्रपणे म्हणाला, "ला, शुक्रन." मनात हिशेब साधा, हा पहिला नको झाला, अजून दोनदा विचारतील, मग घेऊ.

बैठक गप्प झाली. कॅप्टन बोलत होता तो वाक्य अर्ध्यावर टाकून थांबला. बलदियाच्या माणसाने फाइल मिटली. दारापाशी यूसुफभाई ताठ बसले. मुख्तारने त्या कपाकडे बघितलं, सदानंदकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बोलो. क्या माँगता है? जो माँगेगा, मिलेगा. अब्शर."

आणि आमच्या ध्यानाला वाटलं, काय यजमान आहे! मला कॉफी चालत नाही हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं! एवढा जीव लावल्यावर नको तरी किती म्हणायचं. तो लाजत, मान खाली घालून म्हणाला, "तकलीफ नहीं तो… चाय. दूधवाली."

यूसुफभाई सांगतात, "वहिनी, एक क्षण सगळे त्याच्याकडं नुसते बघत राहिले. आणि मग छप्पर उडालं." मुख्तार मांडीवर थापा मारून हसतोय, कॅप्टन डोळे पुसतोय, बलदियाचा माणूस गादीवर आडवा. आणि सदानंद? सदानंदला वाटलं आपण काहीतरी झकास विनोद केला. तो पण हसला! सगळ्यांबरोबर, खो खो!

फक्त यूसुफभाई हसत नव्हते. त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं.

हसणं ओसरल्यावर कॅप्टन त्याच्या कानाशी वाकला. "मित्रा, तू काय केलंस तुला कळलं का? आमच्यात पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला की त्याचं काहीतरी मागणं असतं. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही, आणि यजमानाने अब्शर म्हटलं की झालं, शब्द गेला. माझ्या आजोबांनी असा कप खाली ठेवून एका माणसाला खून माफ करून घेतला होता. आणि तू काय मागितलंस, तर चहा!"

सदानंदचं हसू जागच्या जागी वाळलं. त्याने दाराकडे बघितलं. यूसुफभाईंनी मान हलवली, असू दे सायब, अशी. ती मान त्याने मला घरी आल्यावर स्वतः करून दाखवली. 

मग कराराचं सुरू झालं. बलदियाचा माणूस एकेक कलम वाचतो, मुख्तार दोन्हीकडचं ऐकतो, रेटतो, ओढतो. पोलिसांची गाडी रोज संध्याकाळी दोन फेऱ्या मारणार. कॅप्टन म्हणाला एक. मुख्तार म्हणाला, दोन, आणि तुझे शिपाई तसेही तिथे कणीस खायला येतातच. झाल्या दोन. गार्डने गाडी अडवायची की नाही? अडवायची, पण हात लावायचा नाही. भांडण झालं तर? गार्डने फोन करायचा, पोलिसांनी यायचं. पोलिसांना उशीर झाला तर बलदियाने कुणाला बोलायचं? मुख्तारला. "म्हणजे शेवटी शिव्या मलाच," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा हशा.

आणि मग ते कलम आलं. गेटवरचा गार्ड पन्नाशीच्या आतला. कॅप्टनने मान डोलावली, मुख्तारने डोलावली, आणि सगळे सदानंदकडे बघायला लागले, कंपनीची मान हलायची बाकी होती. सदानंदने तोंड उघडलं. आरशासमोरचं, आंघोळीतलं, लिफ्टमधलं ते वाक्य, काय सांगू, एक शब्द आठवेना! तोंड उघडं, आवाज नाही. बलदियाच्या माणसाला वाटलं जांभई आली असेल. त्याने पुढचं कलम वाचायला घेतलं.

तेवढ्यात चहा आला.

दूध घालून उकळलेला, वेलची आणि थोडं केशर, साखर सढळ, जाड काचेच्या कपात वाफाळलेला. सदानंदला चार वाजल्यापासून चहा नव्हता. तो वास त्याच्या नाकात गेला आणि, त्याच्याच शब्दांत, डोळ्यांपुढे अंबाजोगाईचं स्टँड उभं राहिलं. त्याने कप उचलला. ओठांपर्यंत नेला. दाराकडे बघितलं.

आणि खाली ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, लगेच बैठक गप्प झाली असेल. कसली! कुणाचं लक्षच नाही! कचऱ्याच्या डब्यांवरून बलदिया आणि कॅप्टन यांची जुंपली होती. डबे कुणी उचलायचे, स्वच्छतागृहाच्या किल्ल्या कुणाकडे, फुगेवाल्यांनी कुठे उभं राहायचं. चहा निवतोय. त्याच्यावर साय धरतेय. सदानंद त्या कपाकडे बघतोय, मुख्तारकडे बघतोय, पुन्हा कपाकडे. घसा खाकरला, कुणी बघेना. कप जरा पुढे सरकवला. कुणी बघेना. आयुष्यात पहिल्यांदा माणूस काही मागायला बसला, तर ऐकायला कुणी मोकळं नाही!

मग वाढणाऱ्याचं लक्ष गेलं. त्याला वाटलं, पाहुण्याला चहा आवडला नाही. बिचारा चांगल्या मनाने वाकला आणि बशीला हात घातला, उचलून न्यायला.

सदानंद सांगतो, त्या क्षणी त्याला माझ्या काकूच्या वड्या दिसल्या. अगदी तीच बशी, तशीच आत चाललेली. त्याने दोन्ही हातांनी कप धरला आणि ओरडला, "ला!"

केवढ्याने? यूसुफभाई म्हणतात, बाहेर गाडी पुसणारा आत डोकावला. या माणसाने उभ्या जन्मात लाखभर नको म्हटले असतील, पण खरं नको हे पहिलंच.

सगळे थांबले. चहावर साय, कपाभोवती सदानंदचे दोन्ही हात, चेहरा लालबुंद. कॅप्टनने ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला," तो म्हणाला, "याने पुन्हा ठेवला!"

मुख्तार त्याच्याकडे बघत राहिला. मग हिंदीत म्हणाला, "एक बार माँग लिया ना? एक आदमी, दो बार?"

"साब," सदानंद म्हणाला, "वो चाय मेरे लिए थी. ये मेरे लिए नहीं है." आणि दाराकडे बोट दाखवलं. हिंदी तुटकी, पण थांबला नाही. म्हणाला, हा यूसुफ, तुमच्या गेटवर कधीपासून उभा आहे. माझी मुलगी हरवली तेव्हा याने खांद्यावर घेतली. याची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. पन्नाशीच्या अटीत हा घरी जाईल. मालकाने मला तोंड उघडू नको म्हणून सांगितलंय, पण मी मागतो, याला राहू द्या. तोवर मी हा चहा पिणार नाही.

म्हणजे बघा, चहा पिणार नाही! सदानंद! मला हे सांगताना यूसुफभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी हसत होते आणि मला पण पाणी येत होतं.

मुख्तारने यूसुफभाईंकडे बघितलं. मग कॅप्टनकडे वळला. "अट तुझी आहे. काय म्हणतोस?"

"अम्मी," कॅप्टन म्हणाला, म्हणजे काका, "मोटारसायकलवाली पोरं आली तर हा पळणार कसा त्यांच्यामागे?"

मुख्तारने सावकाश त्याच्या पोटाकडे बघितलं. "तू शेवटचा कधी पळाला होतास?"

बैठक पुन्हा कोसळली. कॅप्टन स्वतः हसून हसून लाल. मुख्तारने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शब्द टाकला. "हा पाहुणा माझ्या घरात कप ठेवून बसलाय आणि त्याचा चहा गार झालाय. माझी लाज तुमच्या दोघांच्या हातात आहे." बलदियाच्या माणसाने पेनाच्या टोपणाने कान खाजवला. म्हणाला, असं करता येईल. पळण्याची अट फिरत्या गार्डना ठेवू. गेटवर बसून लक्ष ठेवणारा वेगळा, त्याला वयाची अट नाही, त्याने फक्त पोलिसांना फोन करायचा. कॅप्टन म्हणाला, चालेल, फोन करायला पळावं लागत नाही. सदानंदने तिथल्या तिथे ते कलम नव्याने लिहून दिलं. कागदाचं काम आलं की याचा हात कापत नाही.

"अब्शर," मुख्तार म्हणाला. "अब पियो."

आणि सदानंदने तो गार चहा, सायीसकट, एका घोटात संपवला. मी विचारलं कसा होता? म्हणाला, "सुजाता, लै भारी."

दुसऱ्या दिवशी तुर्कस्तानातून मालकाचा फोन. मी कान लावून बसलेले, आता नोकरी जाते म्हणून. तर मुख्तारनेच सकाळी त्याला फोन करून कौतुक केलेलं, काय माणूस पाठवलात! मालक सदानंदला म्हणतो, वयाची ती अट मलाही पहिल्यापासून खटकत होतीच. हो का! खटकत होतीच का! सदानंद म्हणाला, जी सर. मी फोन ओढून घेणार होते, उर्वीने हात धरला.

शुक्रवारी बेल वाजली. दारात यूसुफभाई, हातात नारळाच्या करंज्यांचा डबा, त्यांच्या घरच्यांनी कुणाबरोबर तरी पाठवलेला. मी सवयीने म्हटलं, आत या. आणि सवयीने ट्रे घेऊन उंबरठ्यावर जायला निघाले. तर ते आत आले! चपला काढल्या, सोफ्यावर बसले, पाठ टेकून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी इतकी गडबडले की चहात साखर दोनदा घातली.

त्यांनी कप घेतला. आणि समोर टीपॉयवर ठेवला. प्यायले नाहीत.

 मी सदानंदकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आता काय झालं? करार फिरला की काय?

"वहिनी," यूसुफभाई म्हणाले, "मागणं हाय. याच्याकडं मागून उपयोग नाय, हा नको म्हणेल, म्हणून तुमच्याकडं. पुढच्या वर्षी जवेरियाला पदवी मिळेल. त्या दिवशी तुम्ही दोघांनी रत्नागिरीला यायचं. पोरगी म्हणते, अब्बा, ज्या माणसाने चहा ठेवला त्या माणसाला बघायचंय."

"नको नको," सदानंद लगेच म्हणाला, "एवढ्या लांबून, कामून उगं त्यांना त्रास…"

"गप बस!" मी आणि उर्वी एकदम ओरडलो.

"अब्शर," मी यूसुफभाईंना म्हटलं. "दोघं येऊ. प्या आधी, गार होतोय."

त्यांनी कप उचलला आणि प्यायले. दुप्पट साखरेचा, तरी तोंड वाकडं केलं नाही. आणखी देऊ का विचारलं तर नको म्हणाले, मी काही न बोलता ओतला. मग मी किटली घेऊन आत जायला वळले, आणि मागून आवाज आला.

"सुजाता."

सदानंदने आपला कप पुढे धरला होता. अजून त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

"मला पण दे," तो म्हणाला. "अर्धा."

मी भरून दिला.